गॅरेज घरचं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चौदा वर्षं जुन्या पेट्रोल कारचं एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट (सांध्यातून गळती होऊ न देणारी पट्टी) घरीच बदलायला घेतलं. पाच नटांपैकी तीन निघाले. एक जागचा हलत नाही, एकाचे कोपरे गोल व्हायला लागलेत. पान्याला पाईप लावून ओढू का? (नाशिकरोड)

उत्तर : पाईप तूर्त राहू द्या. त्यानं नट सुटण्याआधी स्टड (नट ज्यावर बसतो ती आटेवाली सळई) तुटायची भीती जास्त, आणि मग दहा मिनिटांचं काम दोन दिवसांवर जातं.

इंजिन पूर्ण थंड करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. तारेच्या ब्रशनं स्टडचे उघडे आटे घासा, नाहीतर नट दोन आटे चालून तिथेच पुन्हा अडकेल. मग नट आणि स्टड जिथे भेटतात त्या फटीवर गंज सोडवणारं तेल मारा. बिजागरीवर मारायचा साधा स्प्रे इथे कमी पडतो. पंधरा मिनिटांनी नटाच्या बाजूवर लहान हातोडीनं ठोका, पुन्हा तेल, असं तीन-चारदा. रात्रभर ठेवलं तर उत्तमच.

गोटी (नटावर बसणारा सॉकेट) सहा कोनी घ्या. बारा कोनी गोटी कोपऱ्यांवरच जोर देते, तुमचा नट बहुधा तशानंच गेला. गंजलेल्या नटाला १३ मिमीची सैल होत असेल, तर १२ ची हातोडीनं ठोकून बसवून पाहा. लांब दांडा सरळ धरून स्वतःकडे ओढा, ढकलू नका. निसटला तर बोटं मॅनिफोल्डवर आपटतात. आधी अगदी किंचित घट्ट करून मग सैल करा, तेल टाकत पुढे-मागे खेळवा.

हाताला काय जाणवतं, तिकडे लक्ष द्या. ‘टक्’ आवाज आला तर गंज तुटला. दांडा रबरासारखा लवचिक वाटला, नट फिरतोय पण सुटल्यासारखं वाटत नाही, तर स्टड पिळला जातोय. तिथेच थांबा.

आच द्यायची तर नटाला द्या, स्टडला नाही. नट फुगला की पकड सुटते. पण आधी सगळं तेल पुसून काढा, पेट्रोलचे पाईप आणि वायरिंग जवळ असेल तर घरी आच नकोच. ब्रेक क्लीनर मारलेल्या भागाला तर मुळीच देऊ नका, काही क्लीनर तापले की विषारी वायू सोडतात.

स्टड तुटलाच तर एक्स्ट्रॅक्टर (तुटलेला स्टड आतून पकडून काढायचं कडक पोलादी हत्यार) मारण्याआधी सातपूर-अंबडकडच्या चांगल्या वेल्डरला दाखवा. उरलेल्या टोकावर नट वेल्ड केला की वेल्डिंगच्या उष्णतेनंच तो बऱ्याचदा सुटतो. एक्स्ट्रॅक्टर आत मोडला, तर तो साध्या ड्रिलनं कोरला जात नाही.

नवे नट बसवताना आट्यांना तांबेयुक्त ग्रीस पातळ लावा, आणि टॉर्क (नट आवळायचा जोर) मॅन्युअलपेक्षा थोडा कमी ठेवा. ग्रीसमुळे तोच टॉर्क स्टडला जास्त ताणतो.

प्रश्न : स्पार्क प्लगही असेच निघतील का? (पंचवटी)

उत्तर : नाही, आणि गरम इंजिनवर तर काढूच नका. हेड (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतात) बहुतेकदा ॲल्युमिनियमचं असतं, तापलेले आटे प्लगबरोबर खेचले जातात. थंड इंजिनवर थोडं तेल, थोडं फिरवणं, आणि अडलं तर परत घट्ट करून पुन्हा प्रयत्न.