विचारा, सांगतो: ट्रेलर ओढताना ऑटोमॅटिकचं ऑइल तापतंय

प्रश्न: नमस्कार भाऊ. माझ्याकडे डिझेल ऑटोमॅटिक डबल कॅब पिकअप आहे, मागे दोन चाकी ट्रेलर लावून मृग बहाराचा संत्रा नागपूरच्या कळमना मार्केटला आणतो. साठेक क्रेट असतात, वीस-वीस किलोचे. तिकडे रस्ता सपाट म्हणून कधी काही जाणवलं नाही, पण मार्चमध्ये तोच ट्रेलर घेऊन छिंदवाड्याला निघालो तर सिलेवानीच्या घाटात गिअर सारखा वर-खाली व्हायला लागला, मग गिअरबॉक्स ऑइल टेम्परेचरचा लाइट लागला अन् गाडीचा दमच गेला. बाजूला घेतली, थोड्या वेळाने लाइट गेला. सर्व्हिसवाले म्हणतात ऑइल लाइफटाइम आहे, बदलायचं नसतं, काही करू नका. जावई म्हणतात ऑइल थंड करायला वेगळा कूलर लावा. कोणाचं ऐकू?
– एक बागायतदार, काटोल तालुका

उत्तर: दादा, जावयांचं ऐका, पण कूलरच्या आधी दोन-तीन कामं आहेत, ती राहिली तर कूलरचे पैसे अर्धे वाया जातील. आणि लाइट लागल्याबरोबर गाडी बाजूला घेतली हे फार चांगलं केलं, बरेच जण एवढा चढ संपू दे म्हणून दामटतात आणि तिथेच आतल्या क्लच प्लेटा जळतात.

तुमचा गिअर वर-खाली होत होता आणि ऑइल तापलं, या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, त्यात दोन पंखे समोरासमोर, एक इंजिन फिरवतं, तो ऑइल दुसऱ्यावर फेकतो आणि दुसरा गिअरबॉक्सला फिरवतो. दोघांच्या स्पीडमध्ये जेवढा फरक तेवढी उष्णता त्या ऑइलमध्ये जाते. सपाट रस्त्यावर लॉक-अप क्लच दोन्ही पंखे एकत्र बांधून ठेवतो म्हणून कळमन्यापर्यंत काही होत नाही. घाटात मात्र मागे वजन, स्पीड कमी, लॉक-अप सुटतो, गाडी खालचा गिअर टाकते, जरा वेग आला की परत वरचा टाकते, त्यात दम नाही म्हणून परत खाली, आणि प्रत्येक वेळी प्लेटा थोड्या घासतात. उष्णतेवर उष्णता.

हे ऑइल साधारण ८० ते ९५ अंशांत खुशाल राहतं. त्याच्या वर गेलं की ढोबळ हिशोब असा धरतात की दर १० अंशांना ऑइलचं आयुष्य निम्मं होतं. १२० च्या आसपास ते भाजून आतल्या भागांवर चिकट थर धरायला लागतो, आणखी वर रबरी सील कडक होतात आणि १५० कडे गेलं तर प्लेटा सटकायला लागतात. डॅशबोर्डचा लाइट बहुतेक गाड्यांत बराच उशिरा लागतो, म्हणजे तो दिसला तेव्हा ऑइलचं नुकसान होऊन गेलेलं असतं. म्हणून पहिला खर्च कूलरचा नाही, आकडा दिसण्याचा करा. स्टिअरिंगखाली जो ओबीडी सॉकेट (गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायची जागा) असतो त्यात ब्लूटूथ स्कॅनर लावला की बऱ्याच गाड्यांचं गिअरबॉक्स टेम्परेचर मोबाइलवर दिसतं, तुमच्या मॉडेलचं दिसतं का ते विकत घ्यायच्या आधी विचारून घ्या. माझा नियम साधा आहे, १०५ झालं की हळू आणि एसी बंद, १२० च्या जवळ गेलं की जागा बघून थांबायचं. थांबल्यावर लगेच इंजिन बंद करू नका हं! पी मध्ये टाकून, हँडब्रेक ओढून इंजिन चालू ठेवा, कारण ऑइलचा पंप इंजिनवर चालतो, इंजिन बंद केलं की गरम ऑइल आहे तिथेच राहतं, कूलरपर्यंत पोचतच नाही.

घाटात गाडी डी वर सोडू नका. लीव्हर मॅन्युअलला घेऊन तिसरा किंवा चौथा धरून ठेवा, टो मोडचं, म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठीचं बटन असेल तर ते दाबा. इंजिन दोन-अडीच हजार आरपीएमवर ओरडतंय म्हणून घाबरू नका, डिझेलला त्याने काही होत नाही, उलट पंप, पंखा, कूलंट सगळं जोरात फिरतं. उतरतानाही तोच गिअर, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. शेतातून ट्रेलर रिव्हर्स काढताना तर जास्तच जपा, काळ्या मातीत रिव्हर्समध्ये एक्सलेटर दाबून दोन मिनिटं झगडलं तरी आकडा घाटापेक्षा भराभर चढतो. फोर बाय फोर असेल तर तिथे फोर लो (चारही चाकांना जोर देणारी हळू रेंज) वापरा, कन्व्हर्टरवरचा ताण एकदम कमी होतो. फक्त डांबरी रस्त्यावर लागायच्या आत काढा.

आता लाइफटाइम ऑइल. तुमच्या सर्व्हिसवाल्यांना हँडबुकमधलं ट्रेलर ओढणाऱ्या किंवा कठीण वापराच्या गाड्यांचं पान उघडून दाखवा, बहुतेक हँडबुकांत अशा वापरासाठी वेगळा तक्ता असतो. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला नागपूरच्या उन्हाळ्यात, जिथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, लाइफटाइम वगैरे काही मी मानत नाही, ४० हजार किलोमीटरला बदला, आणि तुमचं एकदा उकळलेलं आहे म्हणून आताच बदला. गिअरबॉक्सच्या खालचा ऑइलचा चेंबर खोलून घ्या, तळाला चुंबक असतो, त्यावर राखाडी मऊ लेप असेल तर चालतं, पण बोटाला टोचणारा कीस किंवा पत्र्याचे तुकडे दिसले तर आधी गिअरबॉक्सवाल्याला दाखवा. ऑइल काळपट आणि जळका वास असेल तर तेच. एका वेळी सगळं ऑइल निघत नाही, निम्मं कन्व्हर्टरमध्येच राहतं, म्हणून थोडे दिवस चालवून परत एकदा बदलायचं. ऑइल हँडबुकमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच, आणि लेव्हल ठरवून दिलेल्या टेम्परेचरलाच तपासायची, थंड गाडीत अंदाजाने भरलेलं कमी-जास्त होतं.

रेडिएटरकडे बघा म्हणतो तेव्हा लोकांना वाटतं विषय बदलला. पण बऱ्याच गाड्यांचा मूळ ऑइल कूलर रेडिएटरच्या टाकीतच बसवलेला असतो. आपल्याकडे बोअरचं जड पाणी सर्रास टाकतात, त्याचे क्षार आत जमतात आणि इंजिन तर तापतंच, गिअरबॉक्सही तापतो. टाकीतला तो कूलर गंजून फुटला तर कूलंट आणि ऑइल मिसळून गुलाबी दुधासारखं होतं, मग गिअरबॉक्स गेलाच समजा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच टाका. पुढच्या जाळीत कापूस, सोयाबीनचा भुसा अडकतो, तो आतल्या बाजूने कमी प्रेशरच्या पाण्याने काढा, नाहीतर पत्ती वाकते.

हे झालं की कूलर. प्लेटवाला घ्या, एसी कंडेन्सरच्या (रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीच्या) पुढे बसवा, आणि जोडणी अशी की ऑइल आधी रेडिएटरमधून आणि मग नव्या कूलरमधून जाऊन परत येईल. पाइप ऑटोमॅटिक ऑइलचाच हवा, साधा पेट्रोल पाइप नको. वॉरंटी चालू असेल तर आधी लेखी विचारा.

वजनाचं राहिलं. साठ क्रेट म्हणजे १२०० किलो, रिकामा ट्रेलर चारशे धरा, झाले १६००. तुमच्या हँडबुकमध्ये ट्रेलरला किती ओढायची परवानगी आहे, आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर किती, नसतील तर किती, हे दोन्ही आकडे बघा. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन हुकवर आलं पाहिजे, म्हणजे तुमच्याकडे १६० ते २४० किलो, हे गाडीच्या हौद्यातल्या लोडमध्ये धरायचं असतं. निघाल्यावर थोड्या अंतरावर थांबून ट्रेलरच्या दोन्ही हबजवळ हात न्या, एक जास्त तापलेला असेल तर ब्रेक किंवा बेअरिंग धरतंय, आणि ते धरलेलं चाक शेवटी तुमचा गिअरबॉक्सच ओढतो. ट्रेलरची नोंदणी वेगळी लागते, ती आणि इन्शुरन्स दोन्ही तपासून ठेवा.

प्रश्न: समृद्धी महामार्गावर आमची ऑटोमॅटिक बंद पडली. न्यूट्रल टाकून दोरीने टोचन केलं तर चालेल का?
– हिंगणा रोड, नागपूर

उत्तर: नाही. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि चाकं फिरतायत म्हणजे आतले गिअर तेलाविना फिरतायत. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक बोलवा. नाइलाजाने ओढावीच लागली तर हँडबुकमध्ये वेग आणि अंतराची मर्यादा असते, तेवढ्यातच. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर चारही चाकं जमिनीवरून उचललेलीच बरी.

प्रश्न: माझा फूड स्टॉल ट्रेलरवर आहे, एएमटी कार आहे. ओढेल का?
– मनीषनगर, नागपूर

उत्तर: ताई, एएमटीत टॉर्क कन्व्हर्टर नसतो, आतमध्ये साधा मॅन्युअलसारखा सुका क्लच असतो, फक्त तो मशीन दाबते. ट्रेलरसकट रामझुला पुलाच्या चढावर सिग्नलला थांबलं-निघालं की क्लच घासून जळतो, आणि ऑइल कूलर लावून त्याचा काही उपयोग नाही. शिवाय पुष्कळ छोट्या गाड्यांच्या हँडबुकमध्ये ट्रेलर लावू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. स्टॉल रोज हलवायचा असेल तर छोटा टेम्पो भाड्याने लावा, आणि रात्री तिथेच ठेवायची सोय होते का ते बघा, म्हणजे आठवड्यातून दोनच फेऱ्या लागतील.