दातांचं विचारा : चांदीची कवळी घासायची नाही?

प्रश्न : सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. वरच्या कवळीखाली टाळू लाल होतो, चुरचुरतो. नवी कवळी करायची म्हणून चौकशी केली, तर एका दवाखान्यात ‘नॅनो सिल्व्हर’ची सुचवली. किंमत जवळजवळ दुप्पट. पण तिच्यावर जंतू बसतच नाहीत, फारशी घासावीही लागत नाही, असं सांगितलं. सासूबाई म्हणतात, बाळाला चांदीच्या वाटीतून भरवतोच की! घ्यावी का? चांदी पोटात गेली तर?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : कवळीचं नंतर बोलू. आधी सासूबाईंना विचारा, रात्री ती काढून झोपता का? माझ्या सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात हे विचारलं, की बऱ्याच आज्या सुनेकडे बघतात. ‘ह्यांच्यासमोर बिनदातांची कशी बसू?’ हे मला पटतं, टाळूला पटत नाही.

अशी लाली बहुतेकदा कॅन्डिडा या बुरशीमुळे येते. कवळीचं ॲक्रिलिक, म्हणजे ती ज्या प्लास्टिकची बनते ते, दिसायला गुळगुळीत, पण त्यात बारीक छिद्रं आणि ओरखडे असतात. बुरशी तिथे थर धरते, आणि झाकलेल्या टाळूवर लाळही नीट फिरत नाही. मधुमेह असेल किंवा दम्याचा स्टिरॉइडचा पंप चालू असेल, तर तिचं आणखीच फावतं.

आता चांदी. तिचा गुण खरा आहे. ओलाव्यात तिच्यातून आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सुटतात, ते जंतूंच्या प्रथिनांतल्या गंधकाला धरतात आणि पेशीचं काम बंद पाडतात. वाटीतून असे आयन फार थोडे सुटतात, कारण पृष्ठभागच थोडा. पण एक सेंटिमीटर बाजूच्या चांदीच्या ठोकळ्याचे १० नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) तुकडे केले, तर ६ चौरस सेंटिमीटरचा पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. तुमच्या कोथरूडमधले दहाएक वन बीएचके! म्हणून असे कण मिसळलेल्या ॲक्रिलिकवर प्रयोगशाळेत बुरशी कमी वाढते. दातात भरायच्या कंपोझिटच्या कडेला पुन्हा कीड लागू नये म्हणून चांदी, झिंक ऑक्साइड, तांबं यांचे कण घालून पाहण्याचं कामही चालू आहे.

अडचण तोंडात सुरू होते. कवळी घातली की काही मिनिटांत तिच्यावर लाळेतल्या प्रथिनांचा पापुद्रा बसतो. ॲक्रिलिकच्या आत गाडलेली चांदी आतच राहते, वरची हळूहळू संपते. जास्त घालावी तर कणांच्या गुठळ्या होऊन कवळी कमकुवत होते आणि गुलाबी रंग तपकिरीकडे झुकतो. शिवाय बहुतेक प्रयोग बशीतले, थोड्या मुदतीचे. सासूबाईंना कवळी पाच-सात वर्षं वापरायची आहे, तीही मेथीच्या भाजीसकट.

पोटाची फार काळजी नको. कवळीतून सुटते ती चांदी फार थोडी. वर्षानुवर्षं चांदीची औषधं घेणाऱ्यांची त्वचा राखी-निळी पडते, पण ती मात्रा वेगळी.

दुप्पट पैसे मी देणार नाही. ‘घासावी लागत नाही’ म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही. आधी बुरशीचं औषध, टाळूला आणि कवळीलाही. सुजलेल्या टाळूवर घेतलेलं माप चुकतं, म्हणून नव्या कवळीचं माप टाळू बरा झाल्यावरच द्या. रोज मऊ ब्रश आणि भांड्यांचा पातळ साबण. टूथपेस्टनं ओरखडे पडतात, उकळत्या पाण्यानं कवळी वाकते. रात्री ती साध्या पाण्यात ठेवायची.

प्रश्न : चार वर्षांच्या नातवाच्या किडलेल्या दाताला डॉक्टरांनी चांदीचं औषध लावलं, दात काळा पडला. बिघडला का?
— एक आजोबा, सिंहगड रोड

उत्तर : नाही. ते सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड असणार, बहुधा ३८ टक्क्यांचं. त्यात नॅनो काही नाही, विरघळलेली चांदी आहे. कीड थांबली की ती जागा काळी आणि टणक होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१मध्ये हे औषध आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. पुढचा दात असेल तर फोटोत काळा दिसेल. दुधाचा आहे, पडेल. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा.