लाईट गेली की टूल सगळं विसरतं

प्रश्न : देवगडला आमची हापूसची कलमं आहेत. पेट्यांच्या ऑर्डरी घरूनच घेतो. भावाच्या मित्राने मायएसक्यूएल या डेटाबेसवर बिलिंगचं सॉफ्टवेअर करून दिलंय. एरवी ठीक चालतं, पण एप्रिल लागला की गिऱ्हाइकाचा फोन नंबर टाकल्यावर तीन-चार सेकंद नुसतं चक्र फिरत राहतं. मायएसक्यूएलट्यूनर हे तपासणीचं टूल चालवून बघितलं. त्याने मेमरी वाढवा म्हटलं, म्हणून रॅम 8 ची 16 जीबी केली. काडीचा फरक पडला नाही. सिस स्कीमात (मायएसक्यूएलच्या वापराची आकडेवारी दाखवणारा भाग) बघितलं तर तिथे दोन इंडेक्स (माहिती पटकन शोधायच्या सूची) 'न वापरलेले' दिसतात. ते काढून टाकू का? टूलचा रिपोर्ट आणि नंबर शोधणारी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) सोबत जोडली आहे. (लाईटचं विचाराल तर, इन्व्हर्टरवर राउटर आणि टीव्ही आहे, सर्व्हर नाही.)
– एक बागायतदार, देवगड

उत्तर : त्या दोन इंडेक्सना आत्ता हात लावू नका.

तुमच्या रिपोर्टमध्ये सर्व्हर सुरू होऊन 3 तास झाल्याचं दिसतंय. खाली सूचनाही आहे की 24 तास झालेले नाहीत, सल्ला चुकू शकतो. ती ओळ कुणी वाचत नाही, मीही वाचत नसे. ही टूल्स मायएसक्यूएलचे आतले आकडे वाचतात आणि सर्व्हर बंद पडला की ते आकडे शून्यापासून सुरू होतात. आपल्याकडे लाईट किती वेळा जाते हे तुम्हाला मी काय सांगायचं! म्हणजे 'न वापरलेला' याचा अर्थ एवढाच, की गेल्या तीन तासांत वापरला नाही. त्यातला एक इंडेक्स तारखेवर आहे, म्हणजे जूनमध्ये हिशेब मिटवताना लागणारा असावा. तो एप्रिलात वापरात दिसेलच कसा?

हे मी स्वतः भोगलंय. मालवणच्या एका होमस्टेचं बुकिंग मी बघत होते. भर पावसात, किल्ल्याच्या होड्या बंद, गिऱ्हाईक नाही, तेव्हा निवांत बसून टूलने दाखवलेला एक इंडेक्स उडवला. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मालकीणबाईंचा फोन आला, "अगो, खोल्या रिकाम्या आहेत की नाहीत तेच दिसत नाही!" तेव्हापासून मी इंडेक्स काढत नाही, आधी अदृश्य करते, म्हणजे तो असतो, पण क्वेरींना वापरता येत नाही. मायएसक्यूएल 8 मध्ये ती सोय आहे. चूक झालीच तर एका ओळीत परत आणता येतो. आणि अख्खा हंगाम गेल्याशिवाय काढायचं नावच नाही.

रॅमचं म्हणाल, तर टूलचं निदान खोटं नव्हतं, औषध अर्धवट घेतलं गेलं. इनोडीबीचा बफर पूल, म्हणजे मायएसक्यूएल डेटा हाताशी ठेवायला वापरतं ती मेमरी, मुळात 128 एमबीच असतो. पेटीत जागा आहे म्हणून आंबे आपोआप भरले जात नाहीत. सेटिंग वाढवावंच लागतं. त्याच मशीनवर बिलिंगचा प्रोग्रॅमही चालतो, तेव्हा 6-8 जीबी ठेवून बघा.

पण तुमचं खरं दुखणं तिथे नाही. क्वेरी पाठवलीत हे बरं केलंत. फोन नंबरचा रकाना मजकूर म्हणून ठेवलाय आणि क्वेरीत नंबर अवतरणचिन्हांशिवाय, नुसता आकडा म्हणून टाकलाय. मजकुराची तुलना आकड्याशी केली की मायएसक्यूएलला त्या रकान्याचा इंडेक्स वापरता येत नाही. अख्खं टेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं जातं. त्या क्वेरीच्या आधी 'एक्स्प्लेन' लिहून चालवा. 'पॉसिबल कीज'मध्ये इंडेक्सचं नाव दिसेल, शेजारच्या 'की'मध्ये नल (वापरलेला इंडेक्स नाही), आणि 'टाइप'मध्ये ऑल (अख्खं टेबल चाळलं). लगेच 'शो वॉर्निंग्ज' चालवलंत तर कारणही छापून येतं. नंबराभोवती अवतरणचिन्हं घातली की काम झालं. हापूसमधला साका बाहेरून दिसत नाही, कापावाच लागतो, तसंच हे. मायएसक्यूएलट्यूनर आंबा कापत नाही. तो फार तर पेटीचं वजन सांगतो.

यापुढे स्लो क्वेरी लॉग, म्हणजे हळू चालणाऱ्या क्वेरींची नोंदवही, चालू ठेवा. तो मुळात बंद असतो आणि चालू केला तरी 10 सेकंदांपेक्षा जास्त लागलेल्याच क्वेरी लिहितो. तुमची चार सेकंदांची त्यात कधीच येणार नाही. मर्यादा अर्ध्या सेकंदावर आणा आणि ती कॉन्फिग फाइलमध्येच लिहा, नाहीतर लाईट गेली की सेटिंगही गेलं. लॉग मात्र डिस्कवर राहतो. ऑर्डरींची झुंबड असते त्या दिवसाचा लॉग पीटी-क्वेरी-डायजेस्ट या लॉग वाचणाऱ्या टूलला द्या. एकसारख्या क्वेरी एकत्र करून कुणी एकूण किती वेळ खाल्ला ते तो उतरत्या क्रमाने मांडतो. दिवसातून एकदा बारा सेकंद घेणारा अहवाल परवडला, पण दर फोनला एक सेकंद खाणारी क्वेरी जास्त महाग पडते. फाइल फुगते, तेव्हा डिस्कवर लक्ष असू द्या.

आणि टीव्ही काढून त्या इन्व्हर्टरवर सर्व्हर जोडा. आजच.