तुझ्या साइटवर दूध डेअरी कुठे आहे?

प्रिय मित्रा,

तुझी पोर्टफोलिओ साइट, म्हणजे तुझं काम दाखवणारी वेबसाइट, काल रात्री दोनदा पाहिली. काळा पडदा, एकेक अक्षर टाइप होत उमटणारं नाव, मागे तरंगणारे ठिपके आणि खाली कोणती प्रोग्रॅमिंग भाषा किती येते हे दाखवणाऱ्या पट्ट्या: पायथॉन ९० टक्के, जावा ७५ टक्के. कोड नीटनेटका आहे, पण तू मला त्यात कुठेच भेटला नाहीस. मागच्या महिन्यात फोनवर अर्धा तास ज्याविषयी भरभरून बोललास, ते गावच्या दूध संकलन केंद्राचं अ‍ॅप तळाशी एका चौकटीत 'डेअरी मॅनेजमेंट सिस्टीम' या नावाखाली पडलंय!

त्या पट्ट्या आजच काढ. नव्वद टक्के पायथॉन म्हणजे किती, हे तुलाही सांगता येणार नाही.

पहिल्याच पानावर डेअरी येऊ दे. पहाटे कॅन घेऊन लागलेली रांग, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) बघून दरपत्रकात भाव शोधणारे तुझे वडील, मध्येच गेलेली रेंज. तू सुरुवातीला प्रत्येक नोंद थेट सर्व्हरवर पाठवत होतास, त्यामुळे रेंज गेली की रांगच थांबायची. मग नोंद आधी फोनमध्ये साठवायची आणि रेंज आली की पाठवायची, असं केलंस. त्यात एकाच शेतकऱ्याचं दूध दोनदा चढलं, म्हणून प्रत्येक नोंदीला फोनवरच स्वतंत्र क्रमांक दिलास. हे सगळं लिही, चुकलेल्या पहिल्या रचनेसकट. मुलांचे अर्ज वाचताना मी हेच शोधतो: अडलं कुठे आणि त्यानं वाट कशी काढली.

वेगळं दिसावं म्हणून तू परदेशी डिझायनरांच्या साइट धुंडाळतोयस. तुझ्या घरातली दुधाची पावती बघ ना. अरुंद, लांब कागद. तारीख, सकाळ-संध्याकाळ, लिटर, फॅट, दर, रक्कम. प्रत्येक प्रकल्प अशा पावतीवर मांडून बघ, मोबाईलच्या उभ्या पडद्यावर ती छान बसेल. खऱ्या पावतीसारखी फिकी शाई मात्र नको. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी काँट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, निदान ४.५ ला १ हवा, असं वेबच्या सुलभतेचे निकष सांगतात.

मराठी पानही कर. मुंबईच्या 'एक टाइप'चा मुक्ता फाँट मोफत मिळतो. पानाची भाषा एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या मूळ कोडमध्ये, 'mr' (मराठीचा संकेत) अशी नोंदव. ज्या फाँटात अक्षरांची मराठी वळणं भरलेली असतात, तिथे त्यामुळे २००९च्या शासन निर्णयातला देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल उमटतो. इंग्रजी शीर्षकांना तू अक्षरांमधलं अंतर वाढवलंयस, ते देवनागरीला लावू नकोस, शिरोरेषा तुटते. ओळींमध्ये मात्र जागा सोड. वर वेलांट्या, खाली उकार, त्यांची गर्दी होते.

साइट ठेवायला गिटहब पेजेस पुरे, पैसे लागत नाहीत. फोटो लहान करून टाक. झाल्यावर वडिलांच्या फोनवर, केंद्रातच उभं राहून उघडून बघ.

आणि पावतीचा फोटो टाकण्याआधी शेतकऱ्यांची नावं, खाते क्रमांक झाक. तो हिशेब त्यांचा आहे. नवी साइट रविवारपर्यंत पाठव, मी वाट बघतोय.

तुझा,
दादा