कॅमेरा नंतर घे, आधी मंडईत जा

अभ्यासाने डोकं जड झालं की फोटो काढत भटकावंसं वाटतं, हे तू लिहिलंस ते अगदी पटलं. पण कॅमेऱ्यासाठी पैसे साठेपर्यंत थांबू नकोस, हातातला मोबाईल पुरे. फक्त आधी लेन्स पूस. बोटांच्या तेलकट डागांनी कितीतरी फोटो धुरकट येतात.

दर रविवारी नवा किल्ला गाठायची घाई नको. मीही सुरुवातीला हीच चूक केली. सिंहगडाचे दोनशे फोटो, पण लक्षात राहावा असा एकही नाही. एकच जागा धर. मी तर म्हणेन, सकाळी सातची पुण्यातली महात्मा फुले मंडई. मधली अष्टकोनी दगडी इमारत १८८०च्या दशकातली. बाहेरच्या गाळ्यांवर कोवळं ऊन तिरपं येतं, मेथीच्या जुडीवर पाणी शिंपडणारा हात आणि हवेतले थेंब वेगवेगळे दिसतात. तेच दुपारी बाराला बघ, चेहऱ्यांवर नुसत्या काळ्या सावल्या.

एवढं पाळ:
- झूम करू नकोस, दोन पावलं पुढे जा.
- माणसाचा फोटो काढण्याआधी विचार. "मावशी, एक काढू का?" एवढं पुरतं. नाही म्हणाल्या तर नाही.
- घरी आल्यावर पाचच ठेव, बाकीचे पुसून टाक.

मॅन्युअल मोड (सगळी सेटिंग स्वतः हाताने करणं), रॉ (फोनने काही बदल न केलेली मूळ फाईल), एडिटिंग यांच्या नादी इतक्यात लागू नकोस. पेपर असेल त्या आठवड्यात जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्यात अर्धा तास बसून ये. खांबांवरचा उजेड कसा सरकतो ते बघ, फोटो नाही काढलास तरी चालेल.