वाचक विचारतात : थान्याचा प्रश्न दिल्लीला कसा विचारायचा?

पोलीस, गुन्हेगारी आणि परदेशी नागरिकांबाबतचं धोरण यांवर संसद सरकारला कसं धारेवर धरते, याबद्दल इंदूरच्या वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काहींना इथे उत्तरं दिली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमच्या भागात साखळी खेचण्याचे प्रकार वाढलेत आणि थान्यात (पोलीस ठाण्यात) माणसंच कमी आहेत. संसदेत हा प्रश्न विचारा, असं पत्र खासदारांना लिहायचं आहे. उपयोग होईल का? (सुदामानगर)

पत्र असंच लिहिलंत तर नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतली पहिली नोंद सार्वजनिक सुव्यवस्थेची आणि दुसरी पोलिसांची. थान्यात किती शिपाई द्यायचे, हे भोपाळ ठरवतं. इंदूरची पोलीस आयुक्त पद्धतसुद्धा 9 डिसेंबर 2021 ला राज्य सरकारच्याच अधिसूचनेने आली. शिवाय जे मुळात भारत सरकारच्या अखत्यारीतलं नाही ते लोकसभेत विचारता येत नाही, असा प्रश्नांच्या नियमांतच अडसर आहे.

म्हणून माणसांचा प्रश्न आमदाराकडे न्या. इंदूर जिल्ह्यात विधानसभेच्या नऊ जागा आहेत, त्यांतला तुमचा कोण ते बघा. प्रश्नात "पोलीस कमी आहेत का" असं विचारू नका. थान्याचं नाव घालून तीन आकडे मागा : स्वीकृत बल (मंजूर पदं) किती, उपलब्ध बल किती, आणि उपलब्धांपैकी किती जण दुसरीकडे अटॅच आहेत. खरी मेख तिसऱ्या आकड्यात असते. शिपायाचं नाव थान्याच्या पटावर आणि तो मात्र पोलीस लाइनीत किंवा एखाद्या बंगल्यावर, असं असेल तर पहिले दोन आकडे कितीही गोजिरे दिसोत, रात्रीच्या गस्तीला माणूस नसतोच.

खासदारांना वेगळं विचारायला सांगा. "इंदूरमध्ये गुन्हेगारी वाढली आहे काय आणि सरकार कोणती पावलं उचलत आहे?" असा प्रश्न गेला, तर हिंदी उत्तराची सुरुवात ठरलेली असते : "(क) से (ग): भारत के संविधान की सातवीं अनुसूची के अनुसार 'पुलिस' और 'लोक व्यवस्था' राज्य के विषय हैं…" पुढे दीड पान योजनांची यादी. खासदाराचा एक प्रश्न खर्ची पडला आणि हाती काही आलं नाही.

हाच प्रश्न केंद्राच्या पैशावर आणि केंद्राच्या यंत्रणेवर आणला की पळवाट उरत नाही. असा :

(क) पोलीस आधुनिकीकरणासाठीच्या साहाय्यातून मध्य प्रदेशाला मागील तीन आर्थिक वर्षांत आणि चालू वर्षात, वर्षनिहाय, किती रक्कम मंजूर झाली, किती प्रत्यक्ष दिली आणि किती खर्च झाली;
(ख) किती रकमेची उपयोगिता प्रमाणपत्रं अजून आलेली नाहीत;
(ग) 1930 या सायबर मदत क्रमांकावर मध्य प्रदेशातून किती तक्रारी आल्या, किती रक्कम खात्यांत थांबवली गेली आणि किती तक्रारदारांना परत मिळाली?

मंजूर, दिलेली आणि खर्च झालेली या तीन वेगळ्या रकमा आहेत. उपयोगिता प्रमाणपत्र म्हणजे पैसा ठरलेल्या कामी वापरल्याचा दाखला. नुसतं "निधी किती" विचारलं की सर्वांत मोठी तेवढी उत्तरात येते. "थांबवली" आणि "परत मिळाली" यांचंही तसंच : बँकेने रक्कम गोठवली म्हणजे ती लोकांच्या हाती आली असं नव्हे. आणि (ग) मध्ये मुद्दाम राज्याचं नाव घातलं आहे. जिल्ह्याचं घातलं असतं, तर "जिलावार आँकड़े केंद्रीय स्तर पर नहीं रखे जाते" एवढं एक वाक्य येऊन प्रकरण संपलं असतं.

मजकूर साधारण 150 शब्दांत बसवा. मत विचारू नका, न्यायालयात असलेल्या प्रकरणाला हात लावू नका. आणि छापील अहवालात सहज सापडेल ते विचारू नका, कारण ते नियमातच बसत नाही. सूचना किमान 15 पूर्ण दिवस आधी लागते, म्हणजे तुमचं पत्र त्याच्याही बऱ्याच आधी पोचायला हवं. गृहमंत्रालयाची पाळी लोकसभेत मंगळवारी आणि राज्यसभेत बुधवारी असते. लोकसभेत एका दिवशी 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न लागतात, राज्यसभेत 15 आणि 160. कोणाचा लागणार हे सोडतीवर ठरतं. तारांकिताला तोंडी उत्तर मिळतं आणि पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकिताचं लेखी उत्तर पटलावर ठेवलं जातं. लोकांना तारांकिताचं आकर्षण असतं. पण आकडे हवे असतील तर अतारांकितच मागा : त्याची संधी जास्त, आणि प्रश्नोत्तराच्या तासातल्या गोंधळात तो वाहून जात नाही.

एका उत्तरात "जानकारी एकत्र की जा रही है और सभा पटल पर रख दी जाएगी" असं लिहिलंय. म्हणजे टोलवलंच ना? (तिलकनगर)

उलट, तुमच्या हाती दोरी आली. हे वाक्य संसदेच्या हिशेबात आश्वासन धरलं जातं. "मामला विचाराधीन है" हेही तसंच. सभागृहाची शासकीय आश्वासन समिती (लोकसभेत 15 सदस्य, राज्यसभेत 10) अशा वाक्यांची नोंद ठेवते आणि मंत्रालयाला तीन महिन्यांत ते पुरं करावं लागतं. जमलं नाही तर मुदतवाढ मागायची, नाहीतर आश्वासन वगळण्याची विनंती करायची, आणि दोन्ही वेळा कारण द्यायचं. मुदतवाढी भरपूर मागितल्या जातात हे खरं. पण प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख देऊन खासदाराने समितीकडे विचारणा केली तर फाइल पुन्हा वर येते. म्हणून उत्तराचं कात्रण ठेवताना क्रमांक आणि तारीख कापून टाकू नका. नेमकी तीच बहुतेक जण कापतात.

याउलट "राज्य का विषय है" हे आश्वासन नव्हे. त्याच्या मागे कोणी लागत नाही.

नव्या फौजदारी कायद्यांवर समिती बसली होती, मग परदेशी नागरिकांच्या नव्या कायद्यावर का नाही? आणि समिती बसल्याने काय फरक पडतो? (रामबाग)

विधेयक समितीकडे पाठवलंच पाहिजे असा नियम नाही, एवढंच "का"चं उत्तर. फरकाचं उत्तर मात्र मोठं आहे, आणि ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली की ते दिसतं.

भारतीय न्याय संहिता आणि तिची दोन भावंडं 11 ऑगस्ट 2023 ला लोकसभेत मांडली गेली आणि गृहविषयक स्थायी समितीकडे गेली. या समितीत 31 सदस्य, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे. मंत्री सदस्य होऊ शकत नाही. नोव्हेंबरात अहवाल आले. सरकारने मूळ विधेयकं मागे घेतली आणि 12 डिसेंबरला सुधारून नव्याने मांडली. सगळं ऐकलं असं नाही : व्यभिचाराचा गुन्हा स्त्री-पुरुष दोघांना सारखा लागू करून ठेवावा, ही शिफारस सरकारने घेतली नाही. पण काय घेतलं नि काय सोडलं, हे आज कोणालाही अहवाल आणि कायदा समोरासमोर ठेवून ओळीओळीने तपासता येतं, आणि विरोधी सदस्यांची असहमतीची टिपणंही त्याच अहवालात वाचायला मिळतात. पुढे लोकसभेने 20 डिसेंबरला आणि राज्यसभेने 21 डिसेंबरला ती मंजूर केली, तेव्हा दोन्ही सभागृहांतले मिळून 146 विरोधी सदस्य त्या अधिवेशनात निलंबित झालेले होते. म्हणजे छाननी झाली ती समितीच्या खोलीत, सभागृहात फारशी नाही.

इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायद्याचं तसं झालं नाही. 1920, 1939, 1946 आणि 2000 सालचे चार कायदे मोडून हा एक केला. लोकसभेत 27 मार्च 2025, राज्यसभेत 2 एप्रिल, राष्ट्रपतींची मंजुरी 4 एप्रिल, अंमल 1 सप्टेंबर. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खोट्या कागदपत्रांना दोन ते सात वर्षं कैद आणि एक ते दहा लाख दंड. परदेशी व्यक्तींची माहिती देण्याची जबाबदारी हॉटेलं, शिक्षणसंस्था आणि रुग्णालयांवरही आहे. शिक्षणासाठी आणि उपचारांसाठी बाहेरून माणसं येणाऱ्या आपल्यासारख्या शहरात हे कलम रोजच्या कामाचं आहे. समिती बसली असती तर वसतिगृहाच्या अधीक्षकाने किंवा छोट्या नर्सिंग होमने काय नोंदवायचं, चुकलं तर कोण जबाबदार, हे प्रश्न लेखी विचारले गेले असते आणि मंत्रालयाची उत्तरं छापली गेली असती. आता ती नियमांत आणि आदेशांत शोधत बसावं लागतं. आमच्या मते इतके जुने चार कायदे एकत्र करणारं विधेयक समितीकडे जायलाच हवं होतं.

शेजारचं सिंधी कुटुंब 2017 मध्ये पाकिस्तानातून आलं. सप्टेंबर 2025 च्या सरकारी आदेशाने त्यांना नागरिकत्व मिळालं, असं ते समजतात. खरं का? आणि असे आदेश संसद तपासते का? (लोकमान्यनगर)

मिळालेलं नाही. गफलत दोन तारखांची आहे. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीची तारीख 31 डिसेंबर 2014. त्या दिवसापर्यंत आलेल्या पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांसाठी वास्तव्याची अट 11 वर्षांवरून 5 वर आली. सप्टेंबर 2025 च्या आदेशातली तारीख 31 डिसेंबर 2024. धार्मिक छळामुळे किंवा त्याच्या भीतीने त्या दिवसापर्यंत आश्रयाला आलेल्या याच समुदायांच्या लोकांना, कागदपत्रं नसली किंवा मुदत संपली तरी, इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायद्याच्या कारवाईतून सूट आहे. हाकलून देण्यापासून संरक्षण मिळणं आणि नागरिक होणं यांत फार अंतर आहे. 2017 मध्ये आलेल्यांना देशीयकरणाची (वास्तव्याच्या आधारे नागरिकत्व मिळण्याची) नेहमीची वाट : अर्जाआधीचे सलग 12 महिने आणि त्यापूर्वीच्या 14 वर्षांत मिळून 11 वर्षं भारतात वास्तव्य. तोवर दीर्घ मुदतीचा व्हिसा वेळेवर वाढवत राहणं महत्त्वाचं. मध्ये खंड पडू देऊ नका म्हणावं.

संसदेचं विचाराल तर, कायद्याखालचे नियम दोन्ही सभागृहांच्या पटलावर एकूण 30 दिवस ठेवावे लागतात आणि अधीनस्थ विधान समित्या ते बघतात. कायदा झाल्यावर सहा महिन्यांत नियम करायचे किंवा या समित्यांकडून मुदत वाढवून घ्यायची, अशी पद्धत आहे. नागरिकत्व दुरुस्तीला मंजुरी मिळाली 12 डिसेंबर 2019 ला, नियम आले 11 मार्च 2024 ला. मधली चार वर्षं गृहमंत्रालय पुन्हा पुन्हा मुदत मागत राहिलं आणि मिळवत राहिलं. इथे ही छाननी लंगडीच पडली.

याच विषयावरचं 2016 चं आधीचं विधेयक संयुक्त समितीकडे गेलं होतं. तेव्हा लोकसभेच्या अध्यक्षपदी आपल्या ताई, सुमित्रा महाजन होत्या. लोकसभेने ते 8 जानेवारी 2019 ला मंजूर केलं, राज्यसभेत मंजूर झालं नाही, आणि सोळावी लोकसभा विसर्जित होताच ते बाद झालं. लोकसभेने मंजूर केलेलं पण राज्यसभेत अडकलेलं विधेयक असं मरतं. राज्यसभेत मांडलेलं आणि लोकसभेकडे न गेलेलं मात्र टिकून राहतं.

इंदूरचा गुन्ह्यांचा दर पुण्या-मुंबईच्या तुलनेत इतका जास्त कसा? आकडे खोटे असतात का? (नारायणबाग)

खोटे नसतात, पण भागाकार जुना आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल 20 लाखांवरच्या 19 महानगरांचे तक्ते देतो, त्यांत इंदूर आहे. शहरांचा दर काढताना लोकसंख्या 2011 च्या जनगणनेची धरतात. इंदूरची 21.7 लाख. समजा वर्षात 21,700 गुन्हे नोंदले गेले, तर दर लाखाला 1,000 निघेल. तेच गुन्हे 30 लाखांनी भागले तर 723. जे शहर 2011 नंतर झपाट्याने वाढलं, त्याचा दर कागदावर तितकाच फुगतो.

आणखी एक. एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तरी मोजताना सर्वांत गंभीर तेवढंच धरतात. त्याच एफआयआरमधला कमी गंभीर गुन्हा त्याच्या रकान्यात दिसत नाही. आणि नोंद वाढणं म्हणजे गुन्हे वाढणं नव्हे, हे तो विभाग स्वतःच अहवालात बजावतो. 2023 चा अहवाल आला सप्टेंबर 2025 मध्ये, म्हणजे त्यावर "सध्या" असं लिहून पत्र धाडू नका.

समितीला किंवा संसदेला मराठीतून लिहिता येतं का? (राजवाडा)

लोकसभेकडे याचिका हिंदी किंवा इंग्रजीतून द्यायची. मराठीत लिहिलीत तर यांपैकी एका भाषेतला अनुवाद जोडा आणि त्यावरही सही करा. प्रत्येक सही करणाऱ्याचं पूर्ण नाव आणि पत्ता हवा, अंगठाही चालतो. इथे चूक होते ती जास्त उत्साहाने : पत्रं, शपथपत्रं, फोटो जोडतात. याचिकेला असले कागद जोडायची परवानगीच नाही. जे काही आहे ते मजकुरातच यायला हवं, सौम्य भाषेत, आणि शेवटी नेमकी मागणी. न्यायालयात असलेला, विधानसभेत मांडण्याजोगा, किंवा कायद्यात ज्याला आधीच उपाय आहे असा विषय घेतला जात नाही. थान्याने एफआयआर घेतली नाही, ही तक्रार म्हणून इथे चालणार नाही. त्यासाठी पोलीस आयुक्त आणि मग न्यायदंडाधिकारी आहेत.

स्थायी समिती एखाद्या विधेयकावर सूचना मागवते तेव्हा वर्तमानपत्रात जाहिरात येते आणि बहुधा 15 दिवसांची मुदत असते. कलमवार लिहा : कलम क्रमांक, अडचण काय, तिथे कोणते शब्द हवेत. प्रत्यक्ष म्हणणं मांडायचं असेल तर तसं त्याच निवेदनात नमूद करा. आणि पाठवलेलं निवेदन समितीचा गोपनीय कागद होतं, तेव्हा तेच लगेच व्हॉट्सअॅपवर फिरवू नका.

समितीच्या बैठका टीव्हीवर दिसतात का? (महू)

नाही, बंद दाराआड होतात. अहवाल मात्र दोन्ही सभागृहांत सादर झाला की सर्वांना खुला. सुरुवात करायची असेल तर अनुदान मागण्यांवरचा (मंत्रालयाने वर्षाच्या खर्चासाठी मागितलेल्या पैशावरचा) अहवाल घ्या : 2025-26 साठी गृहमंत्रालयाला सुमारे 2.33 लाख कोटी रुपये दिले गेले, आणि त्यांतले कुठे पडून राहिले याची विचारणा तिथे असते. मग त्याच विषयावरचा पुढचा, "की गई कार्रवाई" असं नाव असलेला अहवाल काढा आणि शिफारशीसमोर सरकारचं उत्तर वाचा. "नोट कर लिया गया है" असं जिथे लिहिलेलं दिसेल, तिथे पेन्सिलने खूण करा. तुमच्या खासदाराला पुढचा प्रश्न तिथूनच सुचवता येईल.