गाडीत बसून पिच्चर बघायचाय?

भावा, कोल्हापुरातनं मुंबईला जाणारच आहेस तर एक रात्र ड्राइव्ह-इनला, म्हणजे गाडीत बसूनच पिच्चर बघायच्या उघड्यावरच्या थेटराला ठेव. बीकेसीतलं (वांद्रे-कुर्ला संकुलातलं) २०२१ मध्ये सुरू झालंय. तिकीट मात्र इथनंच काढून जा.

आधी बॅटरी तपास, बाकी सगळं नंतर. आवाज गाडीच्या एफएमवर येतो, म्हणजे इंजिन बंद आणि रेडिओ अडीच तास चालू. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा जुनी बॅटरी इंटरव्हललाच बसली. शेवटी शेजारच्या गाडीवाल्याकडून जंपर केबल मागायची वेळ आली, आणि घरच्यांनी ते अजून विसरू दिलेलं नाही. चावी एसीसीवर ठेव (इंजिन बंद, रेडिओ चालू अशी चावीची खूण), आतले दिवे बंद. काही गाड्यांचे पुढचे दिवे हँडब्रेक ओढल्याशिवाय विझत नाहीत. ते आधीच बघून ठेव, नाहीतर पुढच्या रांगेतले शिव्या घालतील.

काच आतून पूस. आतला तेलकट थर दिवसा दिसत नाही, पडद्याचा उजेड पडला की धूसर होतो. जीपसारखी उंच गाडी असली तर मागं थांब, म्हणजे मागच्यांना आड येणार नाही. १९३३ साली अमेरिकेत कॅम्डेनला पहिलं ड्राइव्ह-इन निघालं, तेव्हा मागच्यांना दिसावं म्हणून पुढची चाकं उचलणारे उतारच बांधले होते. सपाट मैदानात ती सोय नसते.

पावसाळ्यात जाऊ नको, वायपर आणि वाफ दोन्ही छळतात. भडंग घेऊन जायचा मोह होईल, पण बाहेरचं खाणं चालतं का ते आधी विचार. आणि काका-काकूंना घेऊन जा की! जत्रेतल्या तंबूत मातीवर बसून पिच्चर बघितलेली माणसं ती, गाडीत पाय पसरून बघताना त्यांचे चेहरे बघ.